चिंध्यांचे पंख : टाकाऊ वस्तू, बालकांचा खेळ आणि पालकांची जबाबदारी



ईदच्या दुसऱ्या दिवशीचे आपले घर डोळ्यांसमोर आणा. नव्या चपलांची खोकी कोपऱ्यात पडली आहेत. शिलाई मशीनखाली कुर्त्याच्या कापडाच्या चिंध्या आहेत. मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे, शेवयांच्या रिकाम्या पिशव्या, अत्तराची संपलेली कुपी असा सारा पसारा आहे. पाहुण्यांनी ईदीबरोबर आणलेली बॅटरीची मोटार चार वर्षांच्या मुलाने सकाळी अर्धा तास चालविली आणि दुपारी ती पलंगाखाली गेली. संध्याकाळी तोच मुलगा चपलांच्या खोक्याला नाडी बांधून ते घरभर ओढत फिरतो आहे. खोक्यात अत्तराची कुपी बसली आहे. ती त्याची दादी आहे आणि तिला रत्नागिरीला पोहोचवायचे आहे. अशा वेळी आपल्या तोंडून सहज निघून जाते, "टाक तो कचरा! एवढी महागाची मोटार आणली आहे, तिच्याशी खेळ."

खोके हातातून जाते. मूल थोडा वेळ रडते, मग आपण त्याच्या हाती मोबाइल देतो आणि घर शांत होते. या शांततेची किंमत कोण मोजते, याचा आज आपण विचार करू.

एक पडदा आणि एक घोडा

प्रेषित मुहम्मद (स.) तबूकच्या अथवा खैबरच्या मोहिमेवरून परतले होते. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातील कोनाड्यावर पडदा लावलेला होता. वारा आला, पडद्याची कड उडाली आणि मागे ठेवलेल्या बाहुल्या दिसल्या. हे काय आहे, असे प्रेषितांनी विचारले. या आपल्या मुली आहेत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी उत्तर दिले. त्या बाहुल्यांच्या मध्ये एक घोडा होता व त्याला कापडाच्या तुकड्यांचे दोन पंख होते. मध्ये हे काय दिसते, त्याच्यावर काय आहे, घोड्याला कधी पंख असतात काय, असे प्रेषित एकेक विचारत गेले. हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी उलट विचारले. त्यावर प्रेषित इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. हा प्रसंग स्वतः हजरत आयेशा (रजि.) यांनी कथन केला असून 'सुनन अबू दाऊद' या हदीससंग्रहात तो नोंदलेला आहे.

हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला असेल. आज तो पालकाच्या दृष्टीने पाहा. पहिली गोष्ट, खेळणे चिंध्यांचे होते आणि ते प्रेषितांच्या घरात होते. दुसरी गोष्ट, दूरच्या मोहिमेवरून आलेल्या, अवघ्या समाजाचा भार वाहणाऱ्या त्या थोर पुरुषाने खेळण्यापाशी थांबून विचारपूस केली. तिसरी गोष्ट, त्यांनी विचारलेले प्रश्न परीक्षेचे नव्हते. समोरच्या व्यक्तीने काय कल्पिले आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आणि चौथी गोष्ट अशी की उत्तरात ज्ञान होते. हजरत सुलैमान (अलै.) यांची कानी पडलेली कथा चिंध्यांच्या दोन पंखांत उतरली होती. ऐकलेले ज्ञान हाताने घडविलेल्या वस्तूत उतरते, तेव्हा ते आपले होते. यालाच आजचे शिक्षणतज्ज्ञ खेळातून शिक्षण म्हणतात.

येथे काही पालकांच्या मनात प्रतिमांविषयीचा प्रश्न येईल. सजीवांच्या मूर्ती व चित्रे यांबाबत इस्लामने घातलेल्या मर्यादा आपणांस ठाऊक आहेत. बहुसंख्य विद्वानांनी मुलांच्या खेळातील बाहुल्यांना अशाच हदीसींच्या आधारे अपवाद मानले आहे, तर काहींचे मत अधिक कडक आहे. ज्या घरात कडक मत पाळले जाते तेथे घर, पूल, होडी, विहीर, मशीद, बाजार यांचे खेळ मांडावेत. मुलांनी खेळूच नये, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही.

भुकेल्या मुलाच्या हातातील लोकर

दुसरा प्रसंग हजरत रुबय्यिअ बिन्त मुअव्विज (रजि.) यांनी सांगितला आहे आणि तो बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आशूराच्या दिवशी मदीनेतील अन्सारी कुटुंबे स्वतः रोजा ठेवीत आणि आपल्या लहानग्यांनाही ठेवावयास लावीत. मुलांसाठी त्या स्त्रिया लोकरीची खेळणी बनवीत. एखादे मूल जेवणासाठी रडू लागले की इफ्तारपर्यंत त्याच्या हाती ते खेळणे देत.

त्या मातांची सूज्ञता पाहा. मुलाला सबुरीचे प्रवचन दिले नाही आणि रागावूनही गप्प केले नाही. घरात जे होते त्यातून एक वस्तू घडविली आणि तिच्या आधारे मुलाला धीर धरावयास शिकविले. आज आपणही रडणाऱ्या मुलाच्या हाती काहीतरी देतो. त्या वस्तूने मुलाचे हात आणि मन कामाला लागतात की केवळ डोळे खिळून राहतात, हा प्रश्न प्रत्येक मातापित्याने स्वतःला विचारावा.

'रिकाअ' या शब्दाचा धडा

त्या घोड्याचे पंख ज्याचे होते त्यासाठी हदीसमध्ये 'रिकाअ' हा अरबी शब्द आला आहे. रिकाअ म्हणजे तुकडे, ठिगळे. हाच शब्द सहीह बुखारीत आणखी एका अतिशय महत्त्वाच्या ठिकाणी येतो. पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपविण्यात आले. आपण तो कशाकशावरून गोळा केला हे त्यांनी सांगितले आहे. त्यात रिकाअ म्हणजे चामड्याचे वा तत्सम तुकडे आहेत, जनावरांच्या खांद्याची रुंद हाडे आहेत, खजुरीच्या फांद्यांचे देठ आहेत, पातळ सपाट दगड आहेत आणि माणसांची हृदये आहेत.

विचार करा, अल्लाहची वाणी ज्यांवर प्रथम लिहिली गेली त्यांपैकी कितीतरी वस्तू आजच्या हिशेबाने टाकाऊ ठरतील. ज्या समाजाच्या ज्ञानाचा आरंभ हाडांवर आणि देठांवर झाला, त्या समाजातील पालकाने महागडी साधने नाहीत म्हणून मुलाचे शिकणे अडले, असे म्हणणे शोभत नाही.

वस्तू वाया न घालविण्याची शिकवणही याच्याशी जोडलेली आहे. कुरआनने खाण्यापिण्यास मुभा देतानाच उधळपट्टीस मनाई केली आहे (7:31) आणि उधळ्यांना सैतानाचे बंधू ठरविले आहे (17:27). एकदा प्रेषितांना वाटेत एक मेलेली बकरी दिसली. ती हजरत मैमूना (रजि.) यांच्या मुक्त दासीला दानात मिळालेली होती. तिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही, असे प्रेषितांनी विचारले. ती मेलेली आहे, असे लोक म्हणाले. केवळ तिचे खाणे निषिद्ध आहे, असे प्रेषितांनी समजाविले. एक उपयोग संपला म्हणजे वस्तू संपली असे नव्हे, हा धडा मुलाला चपलांच्या खोक्याइतका सोपा करून दुसरे कोण शिकवील?

अर्थात घराचे भंगाराचे दुकान करावे, असे येथे सुचवावयाचे नाही. स्वच्छता हा ईमानचा अर्धा भाग आहे. म्हणून घरात एकच मोठे खोके ठेवावे. धुतलेल्या, वाळवलेल्या, निर्धोक वस्तू त्यातच जातील. खोके भरले की नवे काही ठेवण्यापूर्वी जुने काढावे लागेल, आणि काय काढावयाचे हे मूल ठरवील. हा निर्णयही एक शिक्षणच आहे.

साधी वस्तू अधिक का शिकविते?

बॅटरीच्या मोटारीला एकच काम येते. बटण दाबले की ती धावते आणि मूल पाहत राहते. खोके मात्र सकाळी गाडी, दुपारी दुकान आणि रात्री पाळणा होते. ते काय आहे हे ठरविण्याचे काम मुलाकडे असते. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने 1971 साली हाच विचार 'सुट्या वस्तूंचा सिद्धांत' म्हणून मांडला. ज्या वस्तू हलविता, जोडता, मोडता आणि बदलता येतात, त्या जितक्या अधिक तितका मुलांच्या कल्पकतेला वाव अधिक, असे त्याचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी काम केले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून परिसरातील पाने, बिया, खडे, शिंपले हीच त्यांनी शिक्षणाची साधने केली. आयआयटी कानपूरहून अभियंता झालेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी यांच्यापासून भूमितीच्या आकृत्या जोडावयास मुलांना शिकविले. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र कलत नाही, हे मूल स्वतःच्या बोटांनी शोधते. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे अशी खेळणी घडविली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यातून केलेल्या खेळण्यांची ही कदर आपल्याही घरात व्हावयास हवी.

घरी करून पाहण्याजोगे पाच खेळ

1. डबे आणि झाकणे (2 ते 3 वर्षे). लहानमोठे पाच-सहा रिकामे डबे धुऊन त्यांची झाकणे वेगळी करा आणि सारे मुलासमोर ठेवा. कोणते झाकण कशाचे, हे त्याला शोधू द्या. चुकले तर हात पुढे करू नका. न बसणारे झाकण स्वतःच त्याची चूक सांगते. लहान-मोठे, आत-बाहेर, उघडे-बंद हे शब्द या खेळात आपोआप येतात.

2. चिंध्यांची पिशवी (3 वर्षांपुढे). शिंप्याकडील अथवा घरच्या शिवणातील तुकडे एका पिशवीत ठेवा. सुती, मखमली, जाळीचा, जरीचा असे प्रत्येक प्रकारचे दोन तुकडे असावेत. मुलाने न पाहता हात घालून जोड्या लावाव्यात. पुढे याच तुकड्यांतून दादीसमवेत बाहुलीची गोधडी होऊ शकते. जुन्या साड्या व ओढण्यांची गोधडी शिवणारे हात अजून आपल्या घरात आहेत, तोवर ही विद्या मुलांना मिळू द्या.

3. अंड्यांचा ट्रे आणि रमजान (4 वर्षांपुढे). अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये बहुधा तीस खळगे असतात आणि चांद्रमास एकोणतीस वा तीस दिवसांचा असतो. रमजानमध्ये रोज इफ्तारच्या खजुराची एक बी धुऊन मुलाने एका खळग्यात ठेवावी. किती झाले, किती उरले, एक ओळ पूर्ण व्हावयास किती दिवस लागले, याचे गणित त्याच्या डोळ्यांसमोर वाढत जाईल. एकोणतिसाव्या संध्याकाळी शेवटचा खळगा भरेल की रिकामा राहील, हा प्रश्न घेऊन ते आपल्यासमवेत गच्चीवर चंद्र पाहावयास येईल. पंचांगाची ही ओळख कोणत्याही पुस्तकाहून पक्की ठरते.

4. हँगरचा तराजू (5 वर्षांपुढे). दह्याचे दोन सारखे रिकामे डबे दोऱ्यांनी कपड्याच्या हँगरच्या दोन टोकांना बांधा आणि हँगर दाराच्या कडीला अडकवा. एक बटाटा किती चिंचोक्यांएवढा? मोठी वस्तू नेहमीच जड असते काय? रिकामे खोके आणि छोटा दगड तोलून पाहू द्या. मग दोन भावंडांत शेंगदाणे वाटावयास सांगा. घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि देताना कमी तोलणाऱ्यांना कुरआनने दिलेला इशारा (83:1-3) मूल मोठेपणी वाचील, तेव्हा त्याला हा हँगर आठवेल.

5. सावलीचे घड्याळ (6 वर्षांपुढे). संपलेले पेन ओल्या मातीच्या गोळ्यात सरळ उभे करून गच्चीवर ठेवा. सकाळी नऊपासून दर तासाला सावलीच्या टोकाशी मुलाने खडूने खूण करावी. सावली आखडत जाते, भर दुपारी सर्वांत लहान होते आणि मग पुन्हा वाढते. जमिनीपासून पेनाच्या टोकापर्यंतची उंची दोऱ्याने मोजा. दुपारच्या लहानात लहान सावलीत तेवढी भर पडली की शाफई मतानुसार अस्रची वेळ सुरू होते. हनफी मतानुसार ही भर दुप्पट व्हावी लागते. कोकणातील बहुतेक घरे शाफई आणि देशावरील बहुतेक हनफी आहेत. रत्नागिरीच्या नानीकडे अस्रची अजान लवकर का होते, याचे उत्तर मुलाला खडूच्या खुणांत सापडेल.

या खेळांत डाळ-तांदूळ वापरू नयेत. अन्न ही अल्लाहची देणगी आहे आणि ते डिंकाने कागदावर चिकटविणे योग्य नव्हे. चिंचोके, सीताफळाच्या बिया, खजुराच्या बिया ही कामे उत्तम करतात.

काय टाळावे?

तीन वर्षांखालील मुलाच्या हाती तोंडात मावेल अशी कोणतीही वस्तू देऊ नये. बाटल्यांची झाकणे, बिया, गुंड्या घशात अडकू शकतात. घरात तान्हे भावंड असेल तर थोरल्याचा खेळ संपताच या वस्तू वर उचलून ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशव्या, लांब दोऱ्या, पत्र्याचे धारदार डबे, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, फिनाईल अथवा कीटकनाशकाच्या बाटल्या आणि घड्याळातील चपट्या बॅटऱ्या खेळाच्या खोक्यात कधीही जाऊ नयेत. या बॅटऱ्या गिळल्यास अन्ननलिकेला थोड्याच वेळात गंभीर इजा होते. अशी शंका आली तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दुसरी काळजी वर्तनाची आहे. शाळेने 'टाकाऊतून टिकाऊ' करून आणावयास सांगितले की पुष्कळ घरांत रात्री अकराला अम्मी पुठ्ठा कापत असते आणि मूल झोपलेले असते. सकाळी सुबक वस्तू शाळेत जाते आणि बक्षीसही मिळते. पण शिकले कोण? वाकडे घर मुलाने केलेले असेल तर ते वाकडेच जाऊ द्या. कात्री चालविण्याचे कठीण काम तेवढे आपण करावे, तेही मूल सांगेल त्या रेषेवर.

तसेच प्रत्येक खेळाला बोधाचे शेपूट जोडू नका. मुलाने खोक्याची होडी केली की लगेच हजरत नूह (अलै.) यांची कथा सांगून त्याला प्रश्न विचारण्याचा मोह होतो. कथा जरूर सांगावी, पण रात्री निजताना. होडीपाशी केवळ एवढेच विचारावे की ही कोठे निघाली आहे, हिच्यात कोण बसले आहे. प्रेषितांनी त्या घोड्यापाशी असेच विचारले होते. सांगितलेली कथा मुलाच्या मनात राहिली असेल तर ती एखाद्या दिवशी आपल्यासमोर पंख लावून येईल.

अब्बांसाठीही येथे एक शब्द आहे. हे काम स्त्रियांचे, असे समजून वर्तमानपत्रामागे बसू नये. प्रेषित मुहम्मद (स.) घरी आपली पादत्राणे स्वतः सांधीत, कपडे स्वतः शिवीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ, अर्धा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाशेजारी जमिनीवर बसावे. काही करून दाखविले नाही तरी चालेल. मुलाला पाहणारे कोणीतरी हवे असते.

शेवटी

खोके ओढणाऱ्या त्या मुलाकडे पुन्हा एकदा वळू. त्याची दादी रत्नागिरीला निघाली होती. वाटेत पलंगाचा बोगदा होता, चटईची खाडी होती आणि नाडी तुटली तेव्हा गाठ मारावयास तो स्वतः शिकला होता. हे सारे कचरा म्हणून आपण एका वाक्यात बाहेर टाकतो. मूल ही अल्लाहने आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. तिच्या शरीराला घास आणि अंगाला कपडा आपण देतोच. तिच्या कल्पनाशक्तीलाही जपणे आपल्याच जबाबदारीत येते.

या आठवड्यात रद्दीवाला आला की गठ्ठा देण्यापूर्वी मुलाला हाक मारा. त्यातील एक खोके त्याला निवडू द्या. त्याने त्याचे काहीतरी केले की जवळ जाऊन विचारा, हे काय आहे? उत्तर कितीही अजब असो, ते पुरते ऐका आणि हसू आले तर मोकळेपणाने हसा.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो आणि आपल्याला त्यांच्यापाशी थांबण्याची सवड व सद्बुद्धी देवो. आमीन.